पान चौऱ्याहत्तर

...आणि वर मलाच म्हणतो, "आई, तू नुसती एक नजर टाक." एक नजर! एकशे बारा पानांचं टेंडर, त्याला जोडलेली सात परिशिष्टं, परिशिष्टांना जोडलेले नमुने, आणि मी नुसती एक नजर टाकायची! चौतीस वर्षं उत्तरपत्रिका तपासल्या मी, तुम्हाला सांगते, एकीवरही नुसती नजर टाकलेली नाही. पण हे काही आजचं नाही. आमचे चिरंजीव चौथीत होते तेव्हाही असेच. प्रश्न अर्धा वाचायचा आणि उत्तर दुप्पट लिहायचं. 'पाचपैकी कोणतेही तीन सोडवा' असं स्पष्ट छापलेलं असताना हा पाचही सोडवायला बसणार आणि वेळ पुरला नाही म्हणून नाक ओढत घरी येणार. मुळात वाचतं कोण?

आता मोठा झाला, लाकूडकामाचा कारखाना काढला, शाळांची बाकं बनवतो. बाकं उत्तम, हं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. एकाही बाकाचा खिळा कधी वर आलेला नाही. पण सरकारी शाळांना बाकं द्यायची म्हणजे टेंडर भरायचं, आणि टेंडर म्हणजे सांगू का, ती एक परीक्षाच असते, फक्त तिची प्रश्नपत्रिका महिनाभर आधी हातात देतात. घरी न्या म्हणतात, निवांत वाचा म्हणतात, शंका असतील तर बैठकीला येऊन विचारा म्हणतात! इतकी सोय मी माझ्या वर्गात केली असती तर मुख्याध्यापकांनी मला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. आणि एवढं करून अर्धी मंडळी नापास! का? तुम्हीच सांगा. वाचतं कोण?

हा ओळीनं चार टेंडरं हरला होता. हरला की माझ्याकडे येऊन बसायचा आणि म्हणायचा, "सगळं आधीच ठरलेलं असतं गं, वरून." मी म्हटलं, आण ते कागद. पाहते तर काय, तिसऱ्याच पानावर लिहिलेलं, प्रत्येक पानावर सही करावी. आणि यानं शेवटच्या पानावर एकच लफ्फेदार सही ठोकून दिलेली. वरून कुणी काही ठरवलेलं नव्हतं हो, खालून यानंच ठरवलं होतं!

मग पाचवं टेंडर मी हातात घेतलं. चष्मा, पट्टी, लाल पेन्सिल. वाचता वाचता एके ठिकाणी थांबले. सगळ्या इयत्तांना एकाच उंचीचं बाक! मी उठले ती थेट टेंडरपूर्व बैठकीला गेले. सभागृहात झाडून सारे कंत्राटदार, प्रत्येकाच्या हातात फोन, कागद एकाच्याही हातात नाही. मधोमध एक भारदस्त गृहस्थ, ज्यांना बाकीचे सगळे 'बादशहा' म्हणत, कारण सलग नऊ वर्षं बाकांचं काम त्यांच्याकडेच जात होतं. ते मला पाहून उठले, अगदी अदबीनं म्हणाले, "बाई, पाहुण्यांची सोय पुढे आहे." मी म्हटलं, "मी पाहुणी नाही. मी टेंडर भरणाऱ्याची आई आहे." सगळे हसले. हसू देत. माझी पाळी आली तेव्हा मी साहेबांना एवढंच विचारलं, की पहिलीतल्या मुलाचे पाय आणि दहावीतल्या मुलाचे पाय सारख्याच लांबीचे असतात, असं आपल्या कार्यालयाचं मत आहे काय? साहेबांनी लिपिकाकडे पाहिलं, लिपिकानं कागदाकडे पाहिलं, आणि कागदाला काही उत्तर देता येईना.

आठवड्याच्या आत शुद्धिपत्रक निघालं. काय सुंदर शब्द आहे! सरकार स्वतःची चूक स्वतः दुरुस्त करतं आणि फलकावर लावतं. माणसांत कुठे पाहिलीत ही पद्धत? तीन उंचीची बाकं, तीन वेगळे दर, आणि शुद्धिपत्रकाची सही केलेली प्रत जोडणं सक्तीचं. लागलं फलकावर, राहिलं फलकावर. वाचतं कोण! पाकिटं उघडली त्या दिवशी लिपिक एकसुरात वाचत गेला, "प्रत जोडलेली नाही, अपात्र. प्रत जोडलेली नाही, अपात्र." बादशहांचं पाकीटही त्यातच. दर कमी करून टेंडर जिंकायला काही अक्कल लागत नाही हो, ती लागते नंतर त्याच दरात बाकं द्यायला. आम्ही दर रुपयानंही कमी केला नाही. आम्ही फक्त वाचलं.

इथपर्यंत सगळं तुम्हाला गमतीचं वाटत असेल. वाटू द्या. पण एक गोष्ट सांगते, ती आपल्यातच ठेवा. टेंडर भरायचं म्हणजे पंधरा दिवस तो माझ्या समोरच्या खुर्चीवर बसायचा. राहायला गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, कारखान्याच्या मागे, एरवी सणावारी... एरवी सवड मिळेल तेव्हा यायचा, म्हणजे यायचा नाही. पण टेंडर निघालं की रोज चारला हजर! टेबलभर कागद, मी वाचणार, तो लिहिणार, मधूनच माझ्या कपातला चहा पिणार, लहानपणीसारखा पेन्सिलीचं मागचं टोक चावणार. मी ओरडायची. तो सोडायचा, पुन्हा चावायचा. मग पाकीट पेटीत पडलं की खुर्ची रिकामी. दोन दोन महिने. खुर्चीवर मी वर्तमानपत्रं ठेवायला लागले, म्हणजे ती रिकामी दिसू नये.

आणि त्या वर्तमानपत्रांतूनच मला युक्ती सुचली. टेंडरच्या जाहिराती! एकाची तीन वर्तमानपत्रं सुरू केली, कात्री घेऊन बसायची, दिसली जाहिरात की काप आणि लाव फोन. "अरे, तुरुंगासाठी खाटा हव्या आहेत." तो म्हणाला, आई, आपण बाकं करतो. म्हटलं, बाकाला लांब केलं की खाट होते, ये चारला. कचेऱ्यांची कपाटं, दवाखान्यांची स्टुलं, ग्रंथालयाच्या शिड्या... सूनबाई सगळ्यांना कौतुकानं सांगायची, "आमच्या सासूबाईंनी धंदा तिप्पट केला." लोक मला विचारायचे, बाई, व्यवसायवृद्धीचं रहस्य काय? काय सांगणार? रहस्य समोरच्या खुर्चीत बसून पेन्सिल चावत होतं.

आणि मग ते टेंडर आलं. एकशे बारा पानांचं. इथून एक रात्र आणि अर्धा दिवस प्रवासाच्या अंतरावर, तिकडच्या सगळ्या शाळा, तीन वर्षं पुरवठा आणि देखभाल. त्या वर्षी काम मंदावलं होतं, वीस सुतार नुसते रंधे पुसत बसले होते. हे मिळालं नाही तर कारखान्याला कुलूप, हे तो मला म्हणाला नाही, पण पेन्सिल मात्र पार शिशापर्यंत चावली होती.

मी वाचत होते. पान चौऱ्याहत्तर. तळटीप, मुंगीच्या पावलाएवढी अक्षरं. टेंडर भरणाऱ्यानं कामाच्या संपूर्ण काळात स्वतः त्याच भागात राहावं आणि तसं प्रतिज्ञापत्र जोडावं. न जोडल्यास अपात्र.

मी पान उलटलं.

हो, उलटलं. मी! आयुष्यभर ज्या बाईनं अपुऱ्या उत्तराला अर्धा गुणसुद्धा दिला नाही, तिनं पान उलटलं आणि पंच्याहत्तरावर गेली. दोन दिवस गप्प बसले. त्याला काय कळणार होतं? तो थोडाच वाचणार होता? वाचतं कोण! पाकीट अपात्र झालं असतं, त्यानं 'सगळं वरून ठरलेलं असतं' म्हटलं असतं, आणि चारला येऊन बसला असता. दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. कारण तुम्हाला सांगते, एखाद्याच्या कोऱ्या जागेकडे पाहून गप्प बसायचं, हे मला जमतच नाही. ते हाडात नाही.

शेवटच्या दिवशी तो पाकीट चिकटवायला बसला आणि म्हणाला, "आई, अजून काही राहिलंय?"

मी म्हटलं, "पान चौऱ्याहत्तर वाच. तळाशी."

त्यानं वाचलं. जन्मात पहिल्यांदा त्यानं एखादं वाक्य पूर्ण वाचलं. मग पुन्हा वाचलं. "तीन वर्षं?"

"काम समाधानकारक असल्यास आणखी दोन."

"मग काय करू?"

"सही कर. निळ्या शाईनं. काळी चालत नाही."

प्रतिज्ञापत्राचा मजकूर मीच लिहिला. सुवाच्य. एक खाडाखोड नाही.

मिळालं ना काम! न मिळायला काय झालं? सातांपैकी सहा पाकिटांत प्रतिज्ञापत्रच नव्हतं. महिन्याभरात सामान बांधलं, सूनबाई, नातवंडं, सगळी निघाली. निघताना, जिन्यात, दोन्ही हातांत पेट्या घेऊन तो म्हणाला, "तूही आलीस तर बरंच होईल, आई." आता बघा, इतकी टेंडरं वाचलेल्या बाईला अनिवार्य अट कोणती आणि 'असल्यास बरे' अट कोणती, एवढं कळत नाही होय? आणि निमंत्रण काय असं शेवटच्या तारखेला देतात? मी म्हटलं, माझी वर्तमानपत्रं कोण वाचणार? तो हसला. पेटी खाली ठेवली, माझ्या पाया पडला, पेटी उचलली.

आता रविवारी फोन येतो. काम समाधानकारक आहे म्हणतो. त्यामुळे आणखी दोन वर्षं.

मग मी काय केलं? मीच टेंडर काढलं. खरंच! जुन्या पाठकोऱ्या कागदावर, समास सोडून. काम: दुपारी चार ते पाच, समोरच्या खुर्चीवर बसून चहा पिणे. अनुभवाची अट नाही. पेन्सिल चावणाऱ्यास प्राधान्य. अंतिम मुदत महिनाअखेर. इमारतीच्या फलकावर लावलं, लिफ्टच्या दुरुस्तीच्या सूचनेशेजारी. रोज खाली जाऊन बघत होते. सत्तेचाळीस घरांची माणसं त्याच्यासमोर उभी राहून लिफ्टची वाट बघतात. एकानं तर तोच कागद आधाराला घेऊन त्यावर कुणाचा तरी फोन नंबर लिहिला. महिनाअखेर उलटली, एकही पाकीट नाही. आणि मी मात्र अजून फलकाला दोष देत नाही, लोकांना तर नाहीच... वाचतं कोण!

पण नियम म्हणजे नियम. एकही पाकीट आलं नाही, तर काम रद्द करत नाहीत. मुदतवाढ देतात.

दिली आहे.