सदरा कुठल्या देशाचा

(१९४३ साल, माघातली दुपार. खानापूरहून गोव्याच्या हद्दीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा कस्टमचा नाका. टेबलावर सदऱ्यांचं एक सोडलेलं गठडं.)

मारुतीराव : लेबल तर इंग्लंडचं दिसतंय की, चिंतामणराव.

चिंतामणी : लेबल इंग्लंडचं आहे, फौजदारसाहेब. सदरा नाही.

मारुतीराव : ते कसं काय? आम्ही पोलिसातली माणसं, आम्हाला जरा समजावून सांगा.

चिंतामणी : इकडे या, उजेडात. कॉलरच्या आत पाहा. लेबल पांढऱ्या दोऱ्यानं शिवलंय आणि बाकीची सगळी शिवण पिवळसर दोऱ्याची आहे. आता लेबलाचा एक कोपरा उसवतो. दिसलं? खाली सुईच्या भोकांची दुसरी रांग आहे. आधी इथे दुसरं लेबल होतं, जरा रुंद. ते काढून हे लावलंय.

मारुतीराव : वा. मग मूळचा कुठला?

चिंतामणी : हात लावून पाहा, गार लागतं की नाही? निव्वळ सूत नाही हे, नकली रेशीम मिसळलंय. टाके बारीक आणि एकसारखे. बटणं शिंपल्याची, पण मागची बाजू घासायचे कष्ट घेतलेले नाहीत. मुंबईच्या गोदीत होतो तेव्हा अशा सदऱ्यांच्या पेट्याच्या पेट्या फोडल्यात मी. विलायती मालाला जकात कमी आणि जपानी मालाला भरमसाट, म्हणून जो तो आपला माल विलायती म्हणून दाखवायचा. माल कोणत्या वर्गातला आणि देश कोणता, हे ठरवण्यात आमची निम्मी नोकरी गेली.

मारुतीराव : म्हणजे हा जपानी.

चिंतामणी : जपानी. त्यात शंकाच नाही.

मारुतीराव : तसं लिहून द्याल?

चिंतामणी : देतो की. कामच आहे ते माझं. आधी वर्ग लिहावा लागेल. तयार कपडे, पुरुषांचे सदरे, सूत आणि नकली रेशीम मिश्र. मग देश, आणि त्यावरून जकातीचा दर…

मारुतीराव : दर राहू दे. मी जकात भरायला आलेलो नाही. देश तेवढा लिहा. एकच ओळ. खाली सही आणि शिक्का.

चिंतामणी : चोरटी आयात असेल तर प्रकरण आमच्याकडे यायला हवं. तुम्ही गुन्हा कोणता लावताय?

मारुतीराव : तुम्हाला सांगायला हरकत नाही. शामू म्हणून एक पोरगा आहे, घाटाजवळच्या वाडीतला. जांबोटीच्या रस्त्यावर परवा पहाटे हे गठडं डोक्यावर घेऊन चालला होता. अंगातसुद्धा यातलाच सदरा. आता तुम्हीच बघा. गेल्या ऑगस्टपासून माझ्या हद्दीत चावड्या जळाल्या, तारा तुटल्या, टपालाची थैली लुटली. वरून रोज विचारतात, माणूस कुठाय? आता माणूस आहे. तो गोव्याकडून येतोय आणि त्याच्या अंगात शत्रूच्या मुलखातला कपडा आहे. आणखी काय पाहिजे?

चिंतामणी : सदरा अंगात असला म्हणून माणूस जपानचा हस्तक होतो?

मारुतीराव : ते कोर्ट बघेल. तुम्ही देश सांगा.

चिंतामणी : थांबा. मला हे गठडं पुन्हा बघू द्या.

मारुतीराव : बघितलंत की आत्ताच.

चिंतामणी : देश बघितला. बाकीचं बघितलं नव्हतं. ही घडी पाहा. घडीवर पिवळी रेघ पडलीय आणि कापड तिथेच विरलंय. ही टाचणी गंजलीय आणि तिचा डाग खालच्या सगळ्या पदरांत उतरलाय. कॉलरमधला पुठ्ठा बोट लावलं की भुगा होतोय. फौजदारसाहेब, हा माल दमट गोदामात वर्षानुवर्षं पडून होता. जपान लढाईत उतरलं त्याच्या कितीतरी आधी गोव्यात आलेला आहे हा. तेव्हा असले सदरे बेळगावच्या बाजारात उघड विकायला असत. तुम्हीही वापरला असेल एखादा.

मारुतीराव : मी मालाचं वय विचारलं नव्हतं.

चिंतामणी : देश लिहायचा तर केव्हाचा माल हेही लिहावं लागेल. नाहीतर वाचणाऱ्याचा गैरसमज होईल.

मारुतीराव : होऊ दे की.

चिंतामणी : बाहेर कट्ट्यावर एक बाई बसलीय मघापासून. ती कोण?

मारुतीराव : शामूची आई, गुणाबाई. माझ्या मागं मागं फिरतीय. ठाण्यावर गेलो की ठाण्यावर, इथं आलो की इथं.

चिंतामणी : गुणाबाई, आत या जरा.

गुणाबाई : पाया पडते सायेब.

चिंतामणी : बसा. घाबरू नका. मी कस्टमचा माणूस, माल तपासणारा. हे गठडं शामूकडे कुठून आलं?

गुणाबाई : शेठनं दिलं वो. निपाणीचं शेठ हाईत, त्येंचं तिकडं गोव्यात, वाळपईत गुदाम हाय. आमच्या वाडीतलं गडी गठडी वाहून आनत्यात, घाट चढून. शामूबी त्येंच्यातच जातोय.

चिंतामणी : गठड्यात काय असतं?

गुणाबाई : कवा सुपारी, कवा कापडं. त्यो काय सोडून बगत न्हाय. डोईवर घ्यायचं आनि चालायचं.

चिंतामणी : मग सदरा त्याच्या अंगात कसा आला?

गुणाबाई : थंडी लई हुती. त्येची बंडी पार फाटलीती. शेठचा मुनीम म्हनला, घे ह्यातला एक, मजुरीत धरतो. पोरगं खुशीत हुतं सायेब. घरात येऊन मला दावून गेलं, हात फुडं करून.

चिंतामणी : आणि ही लेबलं? ही कुणी शिवली, ठाऊक आहे?

गुणाबाई : ती व्हय? ती आमी बायाच लावतो की. वाडीत शेठचं खोपाट हाय, तितं बसून. जुनं काडायचं, नवं लावायचं. मला वाचता येत न्हाय, पन निळं अक्षर सुलटं ऱ्हायलं पायजे आसं मुनीमानं सांगितलंतं. दोराबी त्येंचाच.

मारुतीराव : गुणाबाई.

गुणाबाई : जी.

मारुतीराव : हे इथं बोललीस ते बोललीस. आणखी कुठं बोलू नकोस.

गुणाबाई : का वो सायेब? खरंच हाय की.

मारुतीराव : म्हणूनच. जा, बाहेर बस. मडक्यात पाणी आहे, ते पी.

चिंतामणी : त्यांना बसू द्या की.

मारुतीराव : बाहेर बस म्हटलं ना मी? हं. दार लोटून घे जाताना… चिंतामणराव, एक सांगतो. त्या शेठचं नाव कागदावर येता कामा नये. लढाईच्या फंडाला त्यांनी जे दिलंय ते या बाजूला कुणी दिलेलं नाही. मोठ्यांच्या पंगतीला बसणारा माणूस आहे.

चिंतामणी : तोच माल दडवून ठेवतो, लेबलं बदलतो आणि घाटातून चोरून आणतो. आणि ठाण्यात बसलाय हमाल.

मारुतीराव : आवाज कशाला वाढवताय? तुमच्या घरी कोण कोण असतं, बेळगावात?

चिंतामणी : बायको असते. धाकटा भाऊ असतो, शरद. का?

मारुतीराव : कॉलेजात आहे ना तो? ऑगस्टात महिनाभर कॉलेजात दिसला नव्हता म्हणे.

चिंतामणी : विषमज्वर झाला होता त्याला. अंथरुणावरून उठवत नव्हतं. डॉक्टरांचा दाखला आहे.

मारुतीराव : दाखला असेलच. कॉलरला लेबलसुद्धा होतं. आता मघाशी तुम्हीच शिकवलंत, वरचं लेबल उसवून बघायचं असतं.

चिंतामणी : त्याच्याविरुद्ध काय आहे तुमच्याकडे?

मारुतीराव : अजून काही नाही. हे बघा, मला दुश्मन समजू नका. मला माणूस पाहिजे. एक मिळालाय, त्यात भागतंय. तुम्ही तो सोडवलात तर मला दुसरीकडे बघावं लागेल. मग मी कॉलेजातल्या पोरांकडे बघणार, दुसरं कुठं? मलाही लेकरंबाळं आहेत, मलाही नोकरी राखायचीय.

चिंतामणी : तुम्ही मला खोटं लिहायला सांगताय.

मारुतीराव : मुळीच नाही. माल जपानी, एवढंच लिहा. तुमच्या तोंडचाच शब्द आहे तो. मी एक अक्षर वाढवायला सांगितलं का? उद्या सकाळी येतो. कागद तयार ठेवा. गठडं मी घेऊन जातो, पुरावा आहे.

चिंतामणी : एक सदरा नमुना म्हणून नाक्यावर राहील. तसा नियम आहे.

मारुतीराव : ठेवा, ठेवा. नियम मोडायला मी कधी सांगत नाही. बराय. शिपाई इथंच ठेवून जातो बाहेर, सोबतीला.

गुणाबाई : सायेब, फौजदार गेलं. येऊ का आत?

चिंतामणी : या. दार लावून घ्या. शिपाई कुठे आहे?

गुणाबाई : चिंचेखाली बसलाय, बिडी वडत. काय म्हनलं फौजदार? सोडनार हाईत का शामूला?

चिंतामणी : तुम्ही शामूला भेटलात का?

गुणाबाई : काल गेलते भाकरी घिऊन. हात सुजल्यालं. भाकरीचा तुकडा मोडता येत न्हवता, मी भरवली. म्हनला, आये, समदं कबूल कर म्हनत्यात, पन काय कबूल करायचं त्ये सांगत न्हाईत.

चिंतामणी : गुणाबाई, फौजदारांना माझ्याकडून एक ओळ हवीय. हा सदरा जपानचा, एवढीच. तेवढं लिहिलं तर शामू शत्रूचा माणूस ठरेल. चावड्या जाळणारा ठरेल.

गुणाबाई : मग काय करत्यात? फाशी?

चिंतामणी : ते मला सांगता येत नाही.

गुणाबाई : न्हाय म्हना की सायेब. न्हाय म्हनाना तुमी.

चिंतामणी : नाही म्हणता आलं असतं तर म्हटलं असतं. बसा. मी लिहितो तोवर बोलू नका.

गुणाबाई : बसते.

चिंतामणी : ऐका. मी लिहिलंय की माल जपानी आहे. आणि असंही लिहिलंय की तो लढाईच्या आधीचा आहे, कशावरून तेही लिहिलंय. लेबलं मागाहून शिवलेली. माल दुसऱ्याचा, शामू नुसता हमाल. शेठचं नाव घातलंय. हा कागद फौजदारांच्या हातात द्यायचा नाही. नमुन्याचा सदरा, त्यातल्या टाचणीसकट, आणि हा कागद एकत्र बांधून, लाखेनं बंद करून मॅजिस्ट्रेटकडे पाठवतो. आता येईल ती कोळशावर चालणारी मोटर टपालाची थैली नेते. थैली एकदा गेली की मला कागद माघारी घेता येणार नाही. म्हणून आत्ताच पाठवतो. सकाळपर्यंत थांबलो तर माझी मला खात्री नाही.

गुणाबाई : मग सुटंल शामू?

चिंतामणी : चोरटा माल आणला म्हणून दंड होईल, थोडी कैद होईल. पण जिवावरचं टळेल. मॅजिस्ट्रेटनं वाचलं तर.

गुणाबाई : लेबलं मी शिवली म्हनून लिवलं का?

चिंतामणी : तुमचं नाव नाही लिहिलं.

गुणाबाई : लिवा की. त्येला बरं हुईत आसंल तर लिवा.

चिंतामणी : नको. तुम्ही बाहेर राहायला हव्यात. त्याला भाकरी कोण भरवणार?

गुणाबाई : व्हय, त्येबी हायच.

चिंतामणी : आता माझं एक काम करा. याच मोटरीनं तुम्ही बेळगावला जा. मी स्वतः नाका सोडून गेलो तर शिपाई लगेच ठाण्यावर खबर देईल. तुमच्यावर कुणाचं लक्ष नाही. शहापुरात देवळाच्या मागच्या बोळात, विहिरीला लागून आमचं घर आहे. कुणालाही विचारा, कस्टमवाल्यांचं घर म्हणून. माझी बायको असेल, लतिका. तिला सांगा, माझा धाकटा भाऊ शरद, त्याला आजच्या आज घरातून काढ म्हणावं. बोरगावला मावशीकडे जाऊ दे. सरळ मोटरीनं नको. आणि शेजाऱ्यांना काही कळू द्यायचं नाही.

गुणाबाई : चिठ्ठी द्या की दोन अक्षरांची.

चिंतामणी : चिठ्ठी सापडते.

गुणाबाई : मग माझ्यावर इस्वास कसा बसंल त्येंचा? मी कोन, कुटली.

चिंतामणी : तिला सांगा, शरद तापात होता तेव्हा कपाळावरच्या पट्ट्यांसाठी मी माझं लग्नातलं धोतर फाडलं होतं. ती रागावली होती. हे घराबाहेर कुणाला ठाऊक नाही.

गुणाबाई : लग्नातलं धोतर. बोरगाव, मावशी. सरळ मोटरीनं न्हाय. ध्येनात हाय.

चिंतामणी : आणि लतिकेला सांगा, मी उद्या घरी आलो नाही तर नाक्यावर येऊ नको. वाट बघ.

गुणाबाई : तुमाला काय करत्यात?

चिंतामणी : बदली करतील. किंवा आणखी काही. ऐका, मोटर वाजतीय वळणावर. थैली मी स्वतः देतो ड्रायव्हरच्या हातात. तुम्ही मागून चढा, माझ्याकडे बघू नका.

गुणाबाई : सायेब, एक इचारू? तुमच्या भावानं काय केलंय?

चिंतामणी : काहीच नाही.

गुणाबाई : शामूनंबी काय केलं न्हवतं. बिगीबिगी निगते मी.