फुली दिसली की हाणायचं

...आणि वर मलाच विचारतात, "बाई, पण तुम्ही फुली काढलीतच कशाला?" घ्या! म्हणजे भिंत फोडली आमच्या ह्यांनी, दातांच्या डॉक्टरांचं बोट फोडलं त्यांच्या पेशंटनं, पेशंटचं कपाळ फुटलं वरच्या दिव्यावर आपटून, आणि आरोपी कोण? मी! का, तर माझ्या हातात खडू होता! अहो, मी शिवणकाम करते, माझ्या हातात खडू नाही तर काय तलवार असणार? असती तर बरं झालं असतं म्हणा, एका घावात सगळं मिटलं असतं, पण ते जाऊ दे. तुम्हाला म्हणून सांगते, ह्यात दोष माझा नाही, डॉक्टरांचा नाही, एका परीनं ह्यांचाही नाही... दोष आहे त्या मेल्या आर्थिक स्वातंत्र्याचा!

आमचे हे म्हणजे जुन्या इमारती पाडायच्या कामावरचे मुकादम. लोक घरं बांधतात, हे पाडतात. सकाळी डबा घेऊन जायचे, दिवसभर कुणाची तरी भिंत लोळवायची, संध्याकाळी धुळीनं पांढरे होऊन यायचं आणि लहान बाळासारखं झोपायचं. इतका शांत माणूस! कारण सगळा राग तिकडेच सांडून यायचा ना. आणि त्यांच्या कामाची एक रीत आहे, ती नीट ऐका, सगळं पुढचं तिच्यावरच आहे. जी भिंत पाडायची तिच्यावर मुकादम खडूनं फुली काढतो. आणि आमच्या ह्यांनी आपल्या माणसांना एकच मंत्र दिलेला, छाती फुगवून, आवाज खाली नेऊन, "फुली दिसली की विचार नाही करायचा. हाणायचं!" झोपेतसुद्धा म्हणायचे. म्हणायचे आणि हाणायचेही! आणि शेजारी कोण असायचं? मीच की!

तर अशा सोन्यासारख्या संसारात तो मोबाइलच्या व्हिडिओतला माणूस घुसला. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, मागे समुद्र. "मित्रांनोऽऽ, तुम्ही पैशासाठी काम करता, की पैसा तुमच्यासाठी काम करतो?" हे म्हणाले, "ऐकलंस? पैसा आपल्यासाठी काम करणार." मी म्हटलं, "ऐकलं. कितीला निघणार तो? डबा भरून ठेवते." झालं, रागावले! मग सुरू झाली बचत. पंखा एकावर. चहा एक वेळ. फिरायला जायचं तर गल्लीच्या टोकापर्यंत, आणि तेही चपला झिजतात म्हणून सावकाश. माझ्या शिवणयंत्राचा पट्टा तुटला तर नवा नाही, गाठ मारून वापर! ती गाठ चाकावर आली की सुई अशी टुण्णकन उडी मारायची की माझं बोट शिवलं जायचं कापडाला. मी रक्त चोखत बसायची आणि हे म्हणायचे, "थोडी कळ काढ गं, स्वातंत्र्य येतंय." काढली कळ. वर्षानुवर्षं काढली.

आणि आलं की हो ते! पंचेचाळिशीत माणूस निवृत्त! कामावरच्या माणसांनी निरोप दिला, भेट काय दिली? नवाकोरा घण! त्याला लाल रिबीन! आता निवृत्त माणसाला घण कशाला देता रे? काठी द्या, शाल द्या, घड्याळ द्या! पण नाही. ह्यांनी तो पलंगाखाली ठेवला आणि म्हणाले, "आता फक्त आराम." म्हणे आर्थिक स्वातंत्र्य!

पहिले चार दिवस आराम झाला. पाचव्या दिवशी हात शिवशिवायला लागले. कपाटाचं दार जरा अडकत होतं, ते ह्यांनी ओढलं. दार आलं, कपाट आलं, वरची ट्रंक आली, ती माझ्या पायावर. नळ गळत होता, तो असा पिळला की नळ ह्यांच्या हातात आणि पाणी छताला! अक्रोड फोडायला बसले तर अक्रोड गेला, पाट गेला, फरशीला तडा. आणि राग! शेजारच्याची स्कूटर दारात दिसली, उचलून आडवी केली. टीव्हीतला माणूस खोटं बोलतोय म्हणून टीव्हीच्या कानफटात मारली, तेव्हापासून त्यात सगळे हिरवे दिसतात. आणि हे सगळं करून मोकळे झाले की कुठे येऊन बसायचे? माझ्या खोलीत!

माझी खोली म्हणजे काय, सांगते. रस्त्याकडे खिडकी, खिडकीशी मशीन, एक लांब टेबल, बस्स. पण अख्ख्या घरात तेवढीच जागा माझी. हे कामावर गेले की मी तिथे राणी. कुणाला विचारायचं नाही, कुणाला सांगायचं नाही, पायडल मारायचं आणि गुणगुणायचं. अहो, मला कुणी मोबाइलवर शिकवलं नव्हतं, पण माझं स्वातंत्र्य रोज सकाळी ह्यांनी चपला घातल्या की सुरू व्हायचं! आणि आता? आता खुर्ची टाकून माझ्या मानेवर बसलेले. "हे असं का कापतेस? उभं काप ना. शिलाई वाकडी वाटते. किती वेळ लागतो गं तुला!" एकदा मी कात्री फेकली. लागली नाही हो! कानाजवळून गेली आणि दारात रुतली. लागणार कशी, मी मापानंच फेकते. पण ह्यांनी काय करावं? दारातली कात्री बघून म्हणाले, "हे दार पोकळ आहे, पाडायला हवं."

अशात ती ऑर्डर आली. बँकेच्या मॅनेजरच्या मुलीचा लग्नाचा पोशाख! पांढरा, पायघोळ, गळ्याला बारीक मणी, एकेक हातानं शिवायचा. अशी ऑर्डर जन्मात एकदा येते. नीट झाली तर गावातल्या सगळ्या नवऱ्या माझ्या दारात, आणि बिघडली तर? कुणी फडकं शिवायला देणार नाही! मी ह्यांना हात जोडले. म्हटलं, "हा पोशाख जाईपर्यंत ह्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. नाहीतर मी तरी जाते, नाहीतर तुम्ही तरी." थट्टा नव्हती ती, पिशवी भरून ठेवलेली मी.

पोशाख झाला, लेस तेवढी लावायची राहिली. आता तो टांगायचा कुठे? भिंतीला खुंटी हवी. मी निळा खडू घेतला, उंची बघितली आणि खुंटीच्या जागी फुली काढली. का, तर आमच्या शिवणात फुली म्हणजे इथे बटण, इथे हूक, इथे काहीतरी लावायचंय! पोशाख टेबलावर पसरला, वर चादर टाकली, आणि लेस आणायला निघताना, तेवढ्यापुरती खोलीची बंदी उठवून, ह्यांना म्हटलं, "अहो, मी येईपर्यंत तेवढं फुलीचं बघा."

बघा म्हटलं हो मी! बघा! हाणा म्हटलं का?

पण त्यांच्यात फुली म्हणजे फोडा आणि आमच्यात फुली म्हणजे जोडा, हे इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांना सांगितलंच नव्हतं! ह्यांनी फुली बघितली. डोळ्यांत पाणी आलं म्हणे. "मला वाटलं, तुला माझी दया आली. मला म्हणून एक भिंत दिलीस!" पलंगाखालून घण काढला, रिबीन सोडली, तळहातावर थुंकले... आणि विचार नाही केला.

आता त्या भिंतीपलीकडे दातांचे डॉक्टर. त्यांच्या खुर्चीत मॅनेजर, हो, तेच, नवरीचे वडील! तोंड उघडं, डॉक्टरांचं बोट आत, "घाबरू नका, काही होत नाही," आणि धडाऽऽम! कपाळाशेजारून घण आत! मॅनेजरांनी जबडा मिटला. डॉक्टर किंचाळले. मॅनेजर ताडकन उठले ते वरच्या दिव्यावर. ह्यांना वाटलं भिंत अजून उभी आहे, दुसरा घाव! तिसरा! मी लेस घेऊन दारात आले तर काय बघते, भिंतीला दरवाजाएवढं भगदाड, त्यातून डॉक्टर इकडे आलेले, एका हाताच्या बोटातून रक्त आणि दुसऱ्या हातात स्टीलचा ट्रे, तो ह्यांच्या डोक्यात ठाण ठाण वाजवतायत. मॅनेजर ह्यांच्या पोटात लाथा घालतायत, पण तोंड बधिर, त्यामुळे शिव्यासुद्धा धड निघत नाहीत, "हुलाऽ हाहवा! हुला होहतो!" आणि आमचे हे? घण छातीशी धरून, मार खात, हसतायत! किती दिवसांनी हसत होते म्हणून सांगू!

आणि पोशाख... चादर उडालेली. पांढरं काही उरलंच नव्हतं हो. सगळा विटेच्या रंगाचा.

मग मी लाकडी मीटरपट्टी उचलली. आधी ह्यांना. मग डॉक्टरांना, ते ट्रे घेऊन माझ्या टेबलावर चढले होते म्हणून. आणि मग मॅनेजरांना! गिऱ्हाईक असले म्हणून काय झालं, त्यांचा पाय पोशाखावर होता! पट्टी मोडली तेव्हा थांबले, आणि खाली बसून भोकाड पसरलं. डॉक्टरांनी हळूच आपलं बोट बघितलं, तर त्यात मॅनेजरांचा दात! किती दिवस हलत नव्हता, उपटायला आले होते तोच! मॅनेजरांनी जीभ फिरवून बघितली आणि त्यांचा चेहरा असा खुलला म्हणता... "हुट्टी हाली," म्हणाले. सुट्टी झाली म्हणे दुखण्यापासून. त्यामुळे पोलीस टळले. पोशाख मी सात पाण्यांतून काढला, मणी उसवून पुन्हा शिवले, बोटांची चाळण झाली. पण गेला वेळेवर. अब्रू राहिली.

राहिलं नाही ते स्वातंत्र्य! भिंत, डॉक्टरांची खुर्ची, दिवा, यंत्रं, बोट... सगळ्याची भरपाई! वर्षानुवर्षं एकावर फिरवलेला पंखा त्या भगदाडातून पलीकडे गेला. ह्यांना पुन्हा कामावर जाणं आलं. आणि खरं सांगू? सगळ्यात जास्त आनंद कुणाला झाला असेल तर ह्यांनाच. शिट्टी वाजवत डबा मागितला! मलाही बरं वाटलं, खोटं का बोलू. जुना कामाचा सदरा काढला तर पाठीवर फाटलेला. म्हटलं, ठिगळ लावते, आणि जागा चुकू नये म्हणून निळ्या खडूनं पाठीवर खूण केली. दूध उतू गेलं म्हणून आत धावले. बाहेर येते तर हे सदरा घालून पसार, कसली घाई ती, पहिल्या दिवशी उशीर नको म्हणून!

कसली खूण म्हणता? अहो, फुली! दुसरी कसली?

साइटवर धूळ ही एवढी. हे भिंतीला तोंड करून उभे. मागून आला ह्यांच्याच हाताखाली तयार झालेला जुना गडी, सगळे त्याला चष्मा म्हणतात, आणि त्या दिवशी चष्मा खिशात. त्याला ना मुकादम दिसला, ना सदरा दिसला. फुली दिसली. आणि ह्यांनीच शिकवलेलं ना, विचार नाही करायचा! ह्यांना खोकला आला आणि शेवटच्या क्षणी त्यानं हात आवरला, म्हणून नुसता घणाचा दांडा खांद्यावर बसला. नाहीतर मी आज तुम्हाला हे हसत सांगत नसते. रिक्षातून उतरताना त्यांचा चेहरा बघितला आणि मी हातातलं कापड टाकून धावले. एवढी भांडते, पण त्या वेळी एकच म्हणत होते, घरी बसून अख्खं घर पाडा, पण असा माणूस राहू द्या.

आता खांद्यापासून मनगटापर्यंत प्लास्टर. हाडांचे डॉक्टर म्हणाले, हाड जुळेपर्यंत सक्त विश्रांती. मालक म्हणाला, कामावर लागलंय, पगार घरपोच. आणि खाट कुठे टाकली? उजेड हवा, वारा हवा, म्हणून माझ्या खोलीत, मशीनच्या शेजारी! काल मी शिवत होते, तर हे उशीला टेकून, चहा पीत म्हणतात, "शिलाई वाकडी वाटते गं." आणि वर हसून, "बघितलंस? काम नाही, धाम नाही, पैसा आपला चालत येतोय. ह्यालाच म्हणतात आर्थिक स्वातंत्र्य!"

मी उठले, निळा खडू घेतला आणि त्यांच्या त्या पांढऱ्याशुभ्र प्लास्टरवर भलीमोठी फुली काढली. आता ती त्यांच्या धंद्यातली की माझ्या, ते विचारताहेत कालपासून. मी म्हटलं, "गप पडा. ठरवलं की सांगते."