फळीची खालची बाजू

—नाही हो, वापरलेलं कसलं! हात फिरवून बघा त्या फळीवर, एक ओरखडा सापडला तर यंत्र फुकट घेऊन जा. आमच्या नवऱ्यानं, आदेमारनं, हे कॉम्प्युटरवर चालणारं लाकूड कापायचं यंत्र आणलं, गॅरेज अडवलं, माझी गाडी रस्त्यावर उन्हात—आणि केलं काय? तर तयारी! लग्नाचा पत्ता नाही, नवरोबा आपला मांडवच घालतोय. ही खालची फळी म्हणे मार खायलाच असते—वरचं लाकूड आरपार कापताना पातं खाली घुसतं, ते हिनं सोसायचं. मग सोसायचंच आहे तर तिला एवढं नटवायचं कशाला? पण नाही! आधी ती तासायची, मग सिगारेटचा कागद सरकवून बघायचा, मग हाक—"सुल्मा, डावा कोपरा केसभर उंच आहे गं!" केसभर! अख्ख्या पायसांदू शहरात एवढं सपाट काही नसेल, याचं डोकं सोडलं तर.

आणि हे क्लॅम्प बघा, डबाभर. लाकूड घट्ट धरलं नाही तर सरकतं म्हणे. मग पाचरी झाल्या, स्क्रू झाले, चिकटपट्टी नि गोंद झाला. मी मागितलं काय होतं? माझ्या बिस्किटांच्या दुकानावर माझ्या नावाची पाटी. बस! अजून खडूनं लिहिते मी दारावर. पाटी नाही, पण थंडीभर शेकोटीला देवदाराच्या छान चिरफळ्या आणून द्यायचा—म्हटलं, चला, तेवढं तरी जमतंय. रविवारी जेवायला माणसं होती, विषय निघाला, मी म्हटलं, तुझ्यापेक्षा हा क्लॅम्प बरा, काहीतरी धरून तरी ठेवतो. सगळे हसले. हा उठला, थर्मास काखेत, ‘माते’ चहा प्यायचा भोपळा हातात, नि तडक साल्तोला, बहिणीकडे. बसू दे तिथंच! चुकलं का माझं? मुळीच नाही.

काय? फळीखालची बैठक बघायचीय? बघा की, काढा स्क्रू—धरा त्या टोकाला, उलटवा… अहो, ही बाजू अशी का? सरका जरा, उजेड अडवताय. सुल्मा. इथंही सुल्मा. ही आणखी एक, खाली अजून—अक्षरं तर झकास आलीत, मग पाट्या कुठं गेल्या? काय म्हणालात? लाकूड सरकलं तरी यंत्राला पत्ता नसतो, ते आपलं ठरल्या जागी कापत राहतं? म्हणजे वरची पाटी वाया, नि खाली नाव नीट… आणि ते वाया गेलेलं लाकूड—

शेकोटीत. मीच घातलं. वर म्हटलं, छान पेटतंय.

मूर्ख माणूस! फळी पालथी घालून बसला! एकदा म्हणायचं नाही का, सुल्मा, सरकतंय गं, काय करू? म्हणणार कसा—हसले असते मी. हसलेच असते, चार माणसांना बोलावून हसले असते.

ठेवा ती फळी. पालथी नको, तशीच, नाव वर. आणि पैसे खिशात घाला, विकायचं नाही. हो, आलात लांबून, मग? मी बोलावलं होतं, आता मीच जा म्हणते. आणि तुमचा ट्रक आधी काढा, माझ्या गाडीला आडवा लावलाय. बघता काय माझ्याकडे? काढा म्हटलं ना—अंधाराआधी साल्तोला पोचायचंय मला.