पुल्या तपासुन मीळतील

नाय गुरुजी, लबाड म्हणा, आळशी म्हणा, पण अडाणी म्हणू नका — पेणच्या त्या मेकॅनिकनं सांगितलं ना तुम्हाला, कासूच्या पोपटला पुलीतलं काय कळत नाय म्हणून? आणि तुम्ही त्याच्याकडनं नवी पुली घेऊन आलात मला लाजवायला. बरं केलंत. बसा त्या टायरवर. तिकडं नको, त्या भिंतीवरच्या गोणपाटाशी नको, ग्रीस लागेल — हितं बसा. आता बघा, बॉनेट उघडलं, पट्टा काढला. एकेक पुली हातानं फिरवायची, डोळे मिटून. ही अल्टरनेटरची — मुकी, गेल्या वर्षी मीच बदलली. ही पाण्याच्या पंपाची — तीही मीच, त्याच्या आदल्या वर्षी. आणि ही आयडलर. नुसतीच फिरते, काम एकच, पट्टा ताणून धरायचा. फिरवा जरा. खरखरते ना? बेरिंग मेलंय हिचं, तीन वर्षं झाली. मला काय माहीत नव्हतं? व्हय, माहीत होतं. तुम्ही रेल्वे फाटकाच्या पलीकडं होतात तेव्हाच कळलं होतं.

मग बदलली का नाय? पार्ट मिळत नव्हता — नाय, तसं नाय, पार्ट तुमच्या हातातच हाय. तुमची गाडी फोर बाय फोर, चारी चाकं ओढणारी, तिला थोडा आवाज शोभतो — बरं, हेही राहू द्या. अडाणी म्हणवून घेण्यापेक्षा सांगूनच टाकतो. त्या आवाजावर गाव चालतंय, गुरुजी. दर गुरुवारी तुम्ही रोह्याहून शेतावर येता, फाटकापाशी तुमची गाडी किंचाळायला लागते, की इकडं पळापळ — ठमाबाई चहाच्या पाटीवर लुगडं टाकते, मोरू गिरणीच्या दारावर पोतं टांगतो. का? तुमच्या गाडीत तो लाल रंगाचा डबा नि ब्रश असतो म्हणून. तुम्ही रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, तुमचं शुद्धलेखन काय रिटायर होत नाय. मोरूनं 'पिठ' लिहिलं, ते तुम्ही भर दुपारी 'पीठ' केलंत, बाया दळण घेऊन ताटकळल्या. जनूच्या पोरीच्या लग्नात मांडवावर 'सुस्वागतम' लिहिलं, म चा पाय मोडायचा राहिला — तर तुम्ही शिडी मागवलीत. वऱ्हाड उन्हात उभं, तुम्ही वर. पाय मोडलात, उतरलात, नि शिडी सरकली ती व्याह्याच्या अंगावर. म चा मोडला तो मोडला, व्याह्याचाही मोडला. आता गाव काय करणार? चौघं आले माझ्याकडं, म्हणाले, पोपट, गाडी ठणठणीत ठेव, पण आवाज ठेव. ठेवला मी. बाकीच्या पुल्या चोख, हीच तेवढी कोरडी — पण इतकी कोरडी नाय की जाम होऊन पट्टा तुटावा नि तुम्ही घाटात लटकावं. दर महिन्याला डोळे मिटून बघायचो, कितपत मेलीय. मरू द्यायची नाय, जगू पण द्यायची नाय. हे काय अडाण्याचं काम हाय?

गावासाठीच केलं. व्हय, फक्त गावासाठी. माझा काय संबंध? माझ्या ग्यारेजवर पाटीच नाय मुळी, बघा की — ते गोणपाट? ते असंच, ऊन लागतं भिंतीला. उठलात कशाला, गुरुजी? बसा. आणि तो ब्रश — ब्रश कुठनं काढलात? नाय, ऐका, हात जोडतो, आधी ऐका. पाटी हाय. माझ्या बापसानं लिहिलेली, गुणाजीनं. साठाव्या वर्षी प्रौढ शिक्षणाच्या वर्गाला जायचा, गुडघ्यावर पाटी घेऊन. पोरांनी चिडवलं तरी जायचा. उभ्या जन्मात त्यानं अख्खं वाक्य लिहिलं ते एवढंच — 'पुल्या तपासुन मीळतील'. चार दिवस लागले. शेवटच्या ल ला जागा उरली नाय, तो खाली उतरवला. मला कळत नाय होय, 'सु' चुकलाय नि तो 'मी' पण चुकलाय? तुमच्याच हाताखाली शिकलोय, शंभर वेळा लिहिलंय मी 'मिळतील'. पण त्याचं काय झालं, वर्गात त्याला पयला शब्द शिकवला तो 'मी'. घरी येऊन चुलीपाशी कोळशानं काढून दाखवला, म्हणाला, पोपट्या, हा बघ, हा मी. त्यानंतर जिथं जिथं 'मि' आला तिथं त्यानं दीर्घच काढला. आता तुम्हीच सांगा, तुम्ही व्याकरणाचे — मी कधी ऱ्हस्व होतो काय? पुढच्या शिमग्याला गेला तो. त्याचा फोटो पण नाय घरात. मला ती पाटी जिवापाड हाय, गुरुजी. गावाचं निमित्त. तुमची गाडी किंचाळली की पयला मी धावतो, हातातला पान्हा टाकून.

उचला. उचला ते गोणपाट, आता काय लपवायचं. घ्या वाचून.

गुरुजी. तुमच्या ब्रशातला रंग गळतोय चपलेवर. तो तिथंच हाय बघा, तिसऱ्या शब्दात — कुठं चाललात? गाडीकडं? डब्यात टाकलात ब्रश? झाकण नीट दाबा, वाळेल. आणि ही नवी पुली मला कशाला देताय — मग बसवू काय? जुनीच ठेवू? तीच, कोरडी? नक्की ना? ठेवतो गुरुजी, पट्टा बसवतो की. अर्धा तास लागेल, तोवर ठमाबाईकडं चहा घेऊन या. पण आता पायी निघालात, आवाज नाय काय नाय — जरा खोकत जा.