गेटजवळची खुर्ची

बसा ना. मागे उभे आहात त्यांनीही बसा, भिंतीकडेला अजून खुर्च्या आहेत.

मंडळाच्या या हॉलमध्ये भाऊंच्या प्रेसमधली माणसं आहेत, बिल्डिंगमधले शेजारी आहेत, ताईच्या शाळेतल्या ऑफिसचा स्टाफ आहे, आमचा डिग्रीचा वर्ग आहे. सगळे ताईच्या शोकसभेला आलात. माझ्याआधीचे लोक छान बोलले. मला तसं जमणार नाही.

मी बोलताना अडखळते. लहानपणापासून. काही शब्द तोंडात येऊन बसतात आणि हलत नाहीत. माझं स्वतःचं नाव त्यातलं एक, म्हणून ते निवेदकांनी सांगितलं ते बरंच झालं. मागे फोटोखाली ताईचं नाव लिहिलंय, ते दुसरं. ते मी शेवटी घेईन. घ्यायचं ठरवलंय. आत्तापासून त्याचीच धास्ती आहे.

एक विनंती करते. मी अडकले तर पुढचा शब्द कुणी सांगू नका. प्लीज. थांबा फक्त. असं का म्हणते ते सांगते, त्यातच ताईची सगळी गोष्ट आहे.

ताई आणि मी एकाच वर्गात. शनिवार-रविवार, अंधेरीला. ती पन्नाशीची, मी तिशीच्या आतली. दोघी घाटकोपरच्या, म्हणून मेट्रोने येणं-जाणं एकत्र. आमची डिग्री कसली ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तिला विचारलं असेल. आजारातून, अपघातातून उठलेल्या माणसाला पुन्हा कामावर कसं आणायचं, काम त्याच्या अंगाला कसं जुळवायचं, ते शिकवतात तिथे. नाव लांबलचक आहे. नातेवाईक विचारायचे, याचं पुढे काय करता येतं गं? ताई म्हणायची, "मिस्टरांना खुर्चीतून उठवता येतं."

खुर्ची कुठली ते प्रेसमधल्या लोकांना माहितीये.

बाकीच्यांसाठी सांगते. भाऊ, म्हणजे ताईचे मिस्टर, हे पुढे बसलेत. मुलुंडच्या प्रेसमध्ये ते मशीन चालवायचे, औषधांचे खोके छापायचे. मग पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात गेला, पाय ओढत चालायला लागले. ते परत कामावर गेले त्या दिवशी प्रेसने काय केलं? सत्कार केला. शाल दिली, नारळ दिला, टाळ्या वाजवल्या. आणि वॉचमनच्या केबिनशेजारी सावलीत एक खुर्ची ठेवली. म्हणाले, भाऊ, तुम्ही फक्त इथे बसा. काही करू नका.

कुणाच्या मनात वाईट होतं का? अजिबात नाही. पोरं येता-जाता नमस्कार करायची, चहा आणून द्यायची. भाऊ घरी येऊन ताईला म्हणाले, "गेटवरचो गणपती झालंय मी. सगळे पाया पडतत, काम कोण सांगीत नाय."

ताई म्हणायची, आजारपणात मी रडले नाही. त्या रात्री रडले. आणि पुढच्या वर्षी तिने या डिग्रीला ॲडमिशन घेतलं.

आता माझं. वर्गाचा पहिला दिवस. मॅडमनी एकेकाला उभं करून नाव विचारलं. माझी पाळी आली आणि मी अडकले. सगळा वर्ग माझ्या तोंडाकडे बघतोय. शेजारी बसलेल्या बाईने माझ्या आयकार्डावर बघून माझं नाव सांगून टाकलं. मला इतकं हायसं वाटलं, काय सांगू. तीच ताई.

तिथून पुढे ताई माझी जीभच झाली. मी अर्धं वाक्य बोलायचे, उरलेलं ती. वर्गात, कॅन्टीनमध्ये, रिक्षावाल्याशी. ग्रुप प्रेझेंटेशनला मी स्लाइड बदलायचे आणि ती बोलायची. मला झकास चाललं होतं. नोकरी मी कुरियर कंपनीत करते, तिथेही मी मागच्या टेबलावर, बोलायला लागू नये म्हणून. मला वाटायचं, माझी सोय झाली.

मग एकदा वर्गात मॅडम म्हणाल्या, माणसाला जमत नाही असं आपणच ठरवतो, आणि त्याचं काम प्रेमाने काढून घेतो. पुढचं मी लिहून घेत होते. ताई लिहीत नव्हती. परत येताना मेट्रोत गप्प. ताई गप्प म्हणजे काय ते इथे प्रत्येकाला कळेल. मला भीती वाटली, माझं काही चुकलं का. घाटकोपरला जिना उतरताना ती मध्येच थांबली. माणसं धक्के देत चाललेली. म्हणाली, "मी पण तुला गेटवरच बसवलंय गं."

त्या दिवसापासून तिने माझा एकही शब्द पूर्ण केला नाही. मी अडकले की ती मेट्रोच्या खिडकीबाहेर बघत बसायची. मला राग यायचा. मी खुणेने सांगायचे, बोल ना तू. ती म्हणायची, "तू सावकाश बोल. मी कुठे जात नाही."

मी कुठे जात नाही, म्हणायची.

(थांबते जरा. पाणी आहे का? हो, दे.)

शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट असतो. खऱ्या माणसाला, खऱ्या कंपनीत, पुन्हा कामावर आणायचं. स्वतःच्या नवऱ्यावर प्रोजेक्ट करता येत नाही, म्हणून भाऊंना मी घेतलं. आम्ही प्रेसमध्ये गेलो, सगळं बघितलं. भाऊंचा हात गेलाय, नजर नाही गेली. छापून आलेल्या खोक्याचा रंग बरोबर आहे की नाही, हे ते बघताक्षणी सांगतात. त्यासाठी मशीनवर उभं राहायला लागत नाही. एक टेबल लागतं, चांगला दिवा लागतो, आणि डाव्या हाताला पोचेल असं सामान. एवढंच मागायचंय. त्याची मीटिंग सोमवारी आहे. मॅनेजर साहेब, युनियनचे लोक, भाऊ आणि आम्ही दोघी.

दोघी. बघा, तोंडात तेच येतं.

ताईलाही त्या मीटिंगचं टेन्शन होतं. गेल्या आठवड्यात भाजी घेताना म्हणाली, "मला मध्येच काही झालं ना, तर हे जन्मभर गेटवरच राहतील." मी म्हटलं, काहीतरीच काय बोलतेस. मग म्हणाली, "सोमवारी मी तोंड उघडणार नाही हां. प्रोजेक्ट तुझा आहे, तू बोलायचं." मी भांडले तिच्याशी. म्हटलं, माझ्या बोलण्यामुळे भाऊंची वाट लागेल. ती हसली आणि कोथिंबीर निवडायला लागली. दोन दिवसांनी छातीत दुखायला लागलं, हॉस्पिटलला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

परवा मी भाऊंकडे गेले. मीटिंग राहू दे म्हणाले भाऊ, "रवांदे गो आता. खयचा काम नि खयचा काय." आणि आज हॉलच्या दारात मॅनेजर साहेब मला भेटले. साहेब, तुम्ही रागावू नका, मी सगळ्यांसमोर बोलतेय. तुम्ही म्हणालात, आता त्यांना कशाला त्रास, मीटिंग राहू दे, भाऊंना घरीच आराम करू दे, आम्ही काळजी घेऊ. तुमचे डोळे भरले होते, मी बघितलं. तुम्ही चांगले आहात म्हणूनच मला भीती वाटते. वाईट माणसाशी मी भांडले असते. प्रेमाने दिलेल्या खुर्चीतून माणसाला उठवायचं कसं?

ताई गेली. आता भाऊंचं कामही काढून घ्यायचं? मग दिवसभर त्या घरात भाऊंनी काय करायचं?

सोमवारी मी येणार आहे, साहेब. एकटी. मला वेळ लागेल. कदाचित तुमच्या टेबलासमोर मी एकाच अक्षरावर अडकून राहीन आणि तुम्ही घड्याळाकडे बघाल. रात्री झोप लागत नाही मला त्या विचाराने. पण मीटिंग रद्द करू नका. आणि भाऊ, तुम्ही येणार की नाही ते मी आत्ता विचारत नाही. तुमचं माणूस गेलंय. मी सकाळी बिल्डिंगखाली येऊन उभी राहीन. इतकंच.

आता ते नाव.

प्र...

थांबा. सांगू नका कुणी.

प्रमिलाताई. प्रमिलाताई पेडणेकर. झालं. ऐकलंस ना गं?

आता आपण उभं राहून शांत राहू या. पण एक करा. भाऊंच्या शेजारी बसलात ते, तुमचा हात पुढे येतोय, मला दिसतंय. तो मागे घ्या. त्यांना काखेत हात घालून उठवू नका. त्यांना स्वतःला उठता येतं, वेळ लागतो फक्त. भाऊ पूर्ण उभे राहिले की मग आपण शांतता सुरू करू. तोपर्यंत कुणाला घाई आहे का?

उठा सगळे.

भाऊ, सावकाश. आम्ही कुठे जात नाही.