लल्ला तामूंचे दोन तास

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याचे मालक आदरणीय हाज मक्की. खुर्ची फार मऊ निघाली म्हणून मघापासून चुळबुळ करणारे, साफी बंदरातले ज्येष्ठ तांडेल बुअज्जा. आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या मुकादम लल्ला तामू. आणि समोर बसलेल्या, डोकी काढणाऱ्या, डबे भरणाऱ्या, झाकणं लावणाऱ्या माझ्या तमाम भगिनींनो! डोकी तारली मासळीची, हे मी पाहुण्यांसाठी सांगतो. नाहीतर घाबरायचे बिचारे.

मी भाषण लिहून आणलं आहे. सुरुवातीलाच लिहिलंय, 'लल्ला तामू चौतीस वर्षांच्या सेवेनंतर वयोमानानुसार निवृत्त होत आहेत.' काल लिहिताना बरं वाटलं होतं. आता इथे उभं राहून वाचतोय तर पुढे जाववत नाही, कारण ते खरं नाही. निवृत्तीला त्यांना अजून दोन वर्षं आहेत. त्या आपणहून चालल्या आहेत. का चालल्या आहेत हे समोर बसलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे, आणि तरी तुम्ही सगळ्या माझ्याकडे अशा बघताय की जणू काही झालंच नाही. आता मी पुढे काय वाचू, तुम्हीच सांगा!

सोमवारी हाज मक्कींनी मला बोलावून एकच प्रश्न विचारला. म्हणाले, "नबील, तामू गेल्यावर भोंगा वाजला तर बायका येतील का?" मी म्हणालो, पाहून सांगतो. आज शुक्रवार. मी अजून पाहतोच आहे.

तीन वर्षांपूर्वी कॅसाब्लांकाहून मी इथे व्यवस्थापक म्हणून आलो, तेव्हा पहिल्याच दिवशी लल्ला तामूंना विचारलं होतं, "काम किती वाजता सुरू होतं?" त्या म्हणाल्या, "मासळी आली की."

"आणि संपतं कधी?"

"मासळी संपली की."

"अहो, पण घड्याळात किती?"

त्यांनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं. म्हणाल्या, "सी नबील, होडीत घड्याळ नसतं हो. चहा घ्या."

मला वाटलं, ही थट्टा आहे. पण खरोखरच तसं चालायचं! होड्या लागल्या की लल्ला तामू एप्रनच्या खिशातून किल्ली काढून भोंगा वाजवायच्या. या बंदरावर प्रत्येक कारखान्याचा भोंगा वेगळा. आपला म्हणजे दोन आखूड, एक लांब. तो ऐकला की भाजी चुलीवर असो, पीठ हातात असो, माझ्या या भगिनी निघायच्या. आणि कुणाचं पोर तापलं, कुणाच्या नणंदेचा साखरपुडा असला, की तिने फक्त लल्ला तामूंच्या कानात सांगायचं. त्या म्हणायच्या, "जा." बस्स. अर्ज नाही, सही नाही. पुढच्या खेपेला ती पोरगी आपणच जास्त थांबायची, आणि किती थांबली हे कुणी मोजायचं नाही. कोण कोणावर उपकार करत होतं, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि खरं सांगतो, आजही नीट कळलेलं नाही.

मी चांगल्याच हेतूने करायला गेलो हो! मला वाटलं, बायकांना ठरलेली वेळ हवी. आठ ते पाच. माणसाला घरी कधी जायचं ते माहीत असावं, यात काय वाईट आहे? मी यंत्र आणलं. अंगठा ठेवायचा, हजेरी लागते. फार मोठा खर्च... ते जाऊ दे.

आता या यंत्राचं काय झालं ते तुम्ही जाणताच, पाहुण्यांना सांगतो. तारलीचे खवले आणि मीठ, यांत ज्यांचे हात पंचवीस-तीस वर्षं गेले, त्यांच्या अंगठ्यावर रेषाच उरलेल्या नाहीत. यंत्र कुणाला ओळखेना! आतली बाई गोड आवाजात फ्रेंचमध्ये म्हणायची, पुन्हा प्रयत्न करा. लल्ला तामू तिला म्हणाल्या, "तूच कर गं बाई, माझे हात भरलेत." शेवटी यंत्र ज्यांना ओळखत नाही त्यांची नावं लिहायला मी यंत्राशेजारी एक कारकून बसवला. हसा, हसा. मीही हसलो असतो, पण तो माझाच निर्णय होता. आजही ते यंत्र तपासलं तर त्यात असं दिसेल की लल्ला तामू या वर्षी एकही दिवस कामावर आलेल्या नाहीत.

हाज मक्की घड्याळ पाहत आहेत. मी आवरतं घेतो. पण आता निघालंच आहे तर ते एक सांगून टाकतो.

मार्चमध्ये एका मंगळवारी दुपारी दोन वाजता लल्ला तामू माझ्या खोलीच्या दारात आल्या. एप्रन ओला, हात मागे. म्हणाल्या, "सी नबील, फतीहाला दवाखान्यात नेलंय. पहिलटकरीण आहे माझी लेक. दोन तास सोडा." त्या दिवशी होड्याही आल्या नव्हत्या. टेबलं रिकामी होती. आणि मी काय केलं? मी त्यांना अर्ज दिला. नियम असा होता की रजेचा अर्ज दोन दिवस आधी द्यायचा. त्या अर्जाकडे बघत म्हणाल्या, "मग पोरीला सांगू का, दोन दिवस थांब म्हणून?"

बाहेर बायका हसल्या. त्या हसल्याचा मला राग आला. खरं कारण तेवढंच. नियमबियम सगळं नंतरचं. मी म्हणालो, "नियम सगळ्यांना सारखा." लल्ला तामू परत गेल्या आणि रिकाम्या टेबलाशी पाच वाजेपर्यंत उभ्या राहिल्या. नातवाचं तोंड त्यांनी पाहिलं तेव्हा तो अडीच तासांचा झाला होता. मला वाटलं होतं, त्या भांडतील. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर चहा आणि बदामाची मिठाई ठेवली. नातू झाल्याची! मी ती खाल्लीसुद्धा.

पुढच्या आठवड्यात साडेचारला होड्या लागल्या. नऊ टन तारली, आणि ऊन असं की बर्फ टिकेना. पाच वाजले. सगळ्यांनी हात पुसले, एप्रन खुंटीला लावले आणि यंत्रापुढे रांगेत उभ्या राहिल्या. मी धावत फाटकाशी गेलो. "अहो, कुठे निघालात? मासळी पडलीय!" तर ही रकिया, ती तिसऱ्या रांगेत बसलीय, तोंड लपवू नकोस, ही मला म्हणाली, "पाच वाजले, सी नबील. थांबायला हवं असेल तर अर्ज द्या. दोन दिवस आधी."

मी कुणाला काय बोलणार? नियम माझाच होता आणि त्यांनी तो शब्दनशब्द पाळला होता. नऊ टन मासळी कोंबड्यांच्या खाद्याला गेली. त्याच महिन्यात लल्ला तामूंचा राजीनामा आला. मी विचारलं, का? म्हणाल्या, "सी नबील, मला 'जा' म्हणायची सवय. 'अर्ज दे' मला म्हणता येत नाही. वय झालं." तर वयोमानानुसार जे मी लिहिलंय, त्याचा उगम हा असा आहे.

आता माझा गोंधळ बघा. आजचा समारंभ पाचनंतरचा. कुणावर सक्ती नाही. मला वाटलं, चार डोकी येतील. आणि इथे उभं राहायला जागा नाही! मी मघाशी दारात रकियाला विचारलं, "तुम्ही सगळ्या कशा काय आलात?" ती म्हणाली, "तुमच्यासाठी नाही." मग जराशाने म्हणाली, "सी नबील, पोरगा कालपासून तापलाय. भाषणं झाली की निघू का?" आणि मी, इतकं सगळं होऊनही, सवयीने म्हणालो, "कार्यक्रम संपल्यावर पाहू." काय पाहणार होतो मी? पाचच्या पुढे तिला थांबवणारा मी कोण?

एक मिनिट. तांडेल बुअज्जांचा फोन वाजतोय. घ्या, घ्या, संकोच करू नका... काय म्हणता? किती होड्या? सगळ्या?

भगिनींनो, होड्या बंदरात शिरत आहेत. भरून आल्या आहेत म्हणतात.

आता कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे या क्षणी लल्ला तामूंनी भोंग्याची किल्ली माझ्या हाती द्यायची आहे. लल्ला तामू, मी... नाही, मला कळत नाहीये कसं म्हणावं. वेळ संपलेली आहे. आज तुमचा सत्कार आहे. मला मागायचा हक्क नाही.

त्या उठल्या आहेत. किल्ली काढली आहे. पण देत नाहीयेत. काय म्हणालात? जरा मोठ्याने... "आधी रकियाला काय ते सांगा."

रकिया, जा. पोराकडे जा. आत्ताच्या आत्ता, हो. अर्ज कसला मागतेस, थट्टा करतेस काय गरिबाची! आणि फतीहाच्या वेळचे ते दोन तास... लल्ला तामू, ते मला परत देता येत नाहीत. तेव्हा रिकाम्या टेबलाशी तुम्हाला उभं केलं, ते माझं चुकलं. हे मी तेव्हा खोलीत एकट्यात म्हणायला हवं होतं. ते जमलं नाही, म्हणून आज सगळ्यांसमोर म्हणतो.

किल्ली त्यांनी माझ्या हातात ठेवली आहे. गरम आहे. आणि म्हणतायत, "दोन आखूड, एक लांब. उलटं वाजवलंत तर शेजारच्या कारखान्यातल्या बायका येतील."

अहो, पण तुम्ही सगळ्या का उठलात? मी अजून वाजवला कुठे आहे! एप्रन कुणी... बरं, बरं. मी घाईने समारोप करतो. हाज मक्कींनी अध्यक्षपद भूषवलं, तांडेल बुअज्जांनी त्या मऊ खुर्चीत कळ काढली, दोघांचे मनापासून आभार. चहा परतल्यावर होईल. हाज मक्की, तुमच्या सोमवारच्या प्रश्नाचं उत्तर दारातून बाहेर चाललं आहे, आपण स्वतःच पाहून घ्या. भाषणात काही कमीजास्त झालं असेल तर ते पोटात घाला. तीन वर्षांत जे झालं ते मात्र लगेच पोटात घालू नका, थोडं लक्षात ठेवा.

लल्ला तामू, तुम्ही एप्रन बांधू नका, आज तुम्ही पाहुण्या आहात! रकियाच्या टेबलाशी जागा रिकामी आहे, तिथे मी उभा राहतो. तुम्ही फक्त शेजारी बसा, आणि तारलीचं डोकं कसं काढतात ते मला दाखवा.