डोक्यातलं लोखंड

जळगावहून सावद्याला निघालेल्या एसटीत लताबाईंच्या पुढच्या बाकावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. म्हाताऱ्याचे वाळलेले हात मांडीवर निपचित पडलेले. मुंबईच्या नव्या मशीनवर काढलेला त्याच्या डोक्याचा फोटो म्हातारीनं खिडकीच्या उजेडात धरला, तशा लताबाईही पुढे वाकल्या.

“हा काळा पट्टा कशाचा हो?” लताबाईंनी विचारलं.

“डाक्टर म्हने, लोखंड साचलं. हात हालवायची जागा हाये ती. तिथला मेंदू झिजू राह्यला,” म्हातारा म्हणाला.

“लोखंड आन झिजतं?” म्हातारीनं विचारलं.

“मंग! तीस वर्षं केळीचे घड कापून माहा विळा नाही झिजला?”

“माह्या कढईचंच असन ते. उद्याच मोडीत घालते.”

“खान्यानं नाही होत म्हने.”

“त्याले काय ठाऊक? लगनापासून लोखंडाच्याच कढईत भाजी करते मी.”

“मंग तुह्या डोक्यात माह्याहून जास्त पाह्यजे.”

“माह्या डोक्यात कसं?”

“मले वरची भाजी वाढते, आन मांगून बुडाची खरवड कोन खाते?”

“तुमी पाहत होते?”

“डोळे नाही झिजले माहे.”

म्हातारीच्या हातातला फोटो हळूच खाली आला.

“कढई राहू दे. आज खरवड मले भरव.”